मीरासाब मुलाण्याची बुट्टी

उंबरवाडीत कुणाच्याही घरी कोंबडं कापायचं झालं, तर ते मीरासाब मुलाण्यानंच कापायचं. हा नियम कधी झाला, कुणी केला, हे कुणाला ठाऊक नव्हतं. मीरासाबच्या बापानं तेच केलं होतं, आज्यानंही तेच. पाटलापासून शेवटच्या कुणब्यापर्यंत कुणीही स्वतःच्या हातानं मारलेलं कोंबडं ताटात घेत नसे. मुलाण्यानं येऊन, पश्चिमेकडं तोंड करून, बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरवली, की मगच ते वशाट खाण्याजोगं व्हायचं. त्याबद्दल सुगीला खळ्यावरून त्याच्या वाट्याचं धान्य यायचं. शिवाय कापलेल्या प्रत्येक कोंबड्याची मुंडी, पाय आणि पोटातलं सगळं त्याच्या बुट्टीत पडायचं.

ही बुट्टी वेळूची होती, आतून-बाहेरून शेणानं सारवलेली. मीरासाब ती डाव्या हातात धरून यायचा, घरामागच्या परड्यात उकिरड्याजवळ ठेवायचा आणि सुरीला धार लावायचा. कुणाच्या परड्यात बुट्टी दिसली, की त्या घरात आज वशाट आहे हे गल्लीला कळायचं.

करवीर संस्थानात तेव्हा शाहू महाराजांचा अंमल होता. प्लेग येऊन गेला होता. गावातली चार-पाच माणसं राधानगरीच्या धरणावर दगड फोडायला गेली होती. बिद्रीपासून कोसभर आत असलेल्या या वाडीत साठेक घरं होती, आणि प्रत्येक परड्यात पाच-दहा कोंबड्या होत्या. त्या बायकांच्या. पै-पाहुणा आला की पुरुषांना कोंबडं आठवायचं. एरवी त्यांना पिलं किती आणि अंडी किती हे ठाऊक नसायचं.

मीरासाबला मात्र ठाऊक असायचं, आणि त्याहून जास्तही. पन्नाशीपर्यंत त्यानं काही हजार कोंबड्या कापल्या असतील. प्रत्येकीचं पोट त्यानं स्वतः मोकळं केलं होतं. त्यामुळं निरोगी कोंबडी आतून कशी असते आणि दुखणाईत कशी, हे त्याला डोळे मिटून सांगता आलं असतं. आतड्याच्या शेवटाकडं दोन लांबट पिशव्या असतात, एका बाजूनं उघड्या, दुसऱ्या बाजूनं बंद. मीरासाब त्यांना ‘मुक्या पिशव्या’ म्हणायचा. चांगल्या कोंबडीत त्या काडीसारख्या बारीक. पण जे पिलू पंख पाडून, पिसं फुगवून कोपऱ्यात बसतं आणि तांबडं हगतं, त्याच्या पोटात त्या पिकल्या करवंदासारख्या काळ्या-तांबड्या फुगलेल्या असायच्या. दाबल्या तर आत साकळलेलं रक्त. त्या दुखण्याला गाव ‘रक्ती हगवण’ म्हणायचं. ती पावसानं येते, असं सगळ्यांचं मत होतं. मीरासाबचंही तेच.

कापणाऱ्याला आतलं कळतं, मग बरंही त्यालाच करता येत असेल, असं बायकांनी धरलं होतं. कोंबडी पेंगायला लागली, की बाई परड्याच्या कुडावरून हाक मारायची, “मुलाणीमामा, जरा बगून जा की!” मीरासाब जायचा. कोंबडी उलटी धरून ढुंगणाची पिसं बघायचा, चोच उघडून वास घ्यायचा. तांबडी हगवण असली तर आंबट ताक पाजायचा आणि डाळिंबाच्या सालीचा काढा सांगायचा. पांढरी असली तर लसूण ठेचून ज्वारीच्या पिठाच्या गोळ्यात द्यायचा. काही जगायच्या, काही मरायच्या. जगल्या तर मुलाण्याच्या हाताला गुण, मेल्या तर पावसाचा दोष. एकंदर त्याचं बरं चाललं होतं.

फक्त त्याच्या बायकोचं, जुलेखाचं, समाधान नव्हतं.

“गावाच्या कोंबड्या बऱ्या करतायसा,” ती म्हणायची, “आनि आपल्या परड्यात काय? तीन वर्सं झाली, एक पिलू मोठं झाल्यालं बगितलंय तुमी?”

हे खरं होतं. जुलेखाची काबरी कोंबडी वर्षातून तीनदा खुडूक बसायची, दहा-बारा पिलं काढायची, आणि महिन्याभरात त्यातली दोन उरायची. उंबरवाडीत सगळ्यात जास्त पिलं मरायची ती कोंबड्यांच्या वैद्याच्या घरी.

“नशीब,” मीरासाब म्हणायचा.

“नशीब न्हवं. हात फिरवा की जरा आपल्याबी कोंबड्यांवरनं.”

तो हात फिरवायचा. उपयोग व्हायचा नाही.

*

त्या वर्षीचा आखाड जोरात झाला. आषाढाच्या दर मंगळवारी-शुक्रवारी कुठल्या ना कुठल्या गल्लीची जत्रा असायची. देवीला नदीचं नवं पाणी जायचं आणि मागोमाग घरोघरी चुली पेटायच्या. पुढं श्रावण, मग गणपती-गौर, मग पितरांचा म्हाळ, मग नवरात्राचे घट. दसऱ्यापर्यंत बहुतेक घरांत वशाट बंद, म्हणून जे खायचं ते आखाडातच. मीरासाब सकाळपासून दुपारपर्यंत एका परड्यातून दुसऱ्या परड्यात जायचा. पायाला घोट्यापर्यंत चिखल, हातात बुट्टी. कधीकधी दिवसाला वीस-बावीस कोंबडी व्हायची.

आखाड संपता संपता हगवण आली. पहिली पाटलाच्या परड्यात.

आकाराम पाटलाची आई बयाबाई साठीची होती. घरात तिचा शब्द चालायचा आणि परड्यात फक्त तिचाच. तिच्या एका कोंबडीनं चौदा पिलं काढली होती. तिनं ती पहिल्या दिवसापासून स्वतः हळदीचं पाणी पाजून वाढवली होती. महिन्याची होत आली आणि एका सकाळी सहा पिलं पंख पाडून बसली. बयाबाईनं मीरासाबला बोलावलं. त्यानं ताक पाजलं, काढा सांगितला. दुसऱ्या दिवशी तीन मेली, तिसऱ्या दिवशी चार. आठवड्याच्या शेवटी पाच उरली.

मीरासाब चौथ्यांदा आला, तेव्हा परड्यात शेजारच्या बायका जमल्या होत्या. बयाबाई मेलेलं पिलू पायाला धरून उभी होती.

“बगा गं,” ती बायकांना म्हणाली, “ह्यो आला की कोंबडी मरत्या. गेल्या आखाडात आलता, तवाबी मेल्या. आवंदाबी मेल्या. मीरासाब, तुजा पायच पांढरा हाय बग!”

“आक्का, आता तर चिखलानं काळा झालाय,” मीरासाब पाय वर करून म्हणाला.

बायका खो-खो हसल्या. बयाबाईलाही हसू आलं, पण तिनं ते आवरलं.

“हसून न्हेऊ नगंस. माजी नऊ पिलं गेली. तू येतोस तवा येत्या हगवण. न्हाय आलास तर येती का, सांग.”

पिलांना ताक पाजून तो घरी आला. गावात पांढऱ्या पायाचा ठरलेला माणूस लग्नाला, पेरणीला, कशालाच पुढं चालत नाही. मुलाण्याला तर दुसऱ्याच्या दारात गेल्याशिवाय कामच नाही. ही गोष्ट पाटलाच्या परड्यातून गल्लीत गेली, तर बुट्टी घरातच राहील, हे त्याला न सांगता कळलं. पण त्याला जास्त टोचलं ते दुसरंच. बयाबाईनं विचारलं होतं ते रागानं विचारलं होतं, तरी प्रश्न होता. न्हाय आलास तर येती का?

त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यानं जुलेखाकडून चिंचोके मागून घेतले आणि कोनाड्यात मांडायला सुरुवात केली. एका परड्याला एक जागा. पिलू मेलं की त्या जागी एक चिंचोका.

“ह्ये काय, पोरावानी?” जुलेखानं विचारलं.

“बगू तरी.”

श्रावणाच्या पहिल्या आठवड्यापर्यंत कोनाडा भरत गेला. पाटलाच्या जागेवर अकरा, जुलेखाच्या तेरा, वरच्या गल्लीत कुठं पाच, कुठं सात. मीरासाब रोज ताक पाजत फिरत होता. मग हळूहळू चिंचोके पडायचे थांबले. नवी पिलं निघाली, ती टिकली. बयाबाईची उरलेली तीन पिलंही उठून चरायला लागली.

गावानं याचं श्रेय ताकाला दिलं. चावडीपुढं बसलेला आकाराम पाटील त्याला बघून मोठ्यानं म्हणाला, “या वैद्यबुवा! मुलाण्याच्या ताकानं गावाच्या कोंबड्या वाचल्या बगा. आमच्या म्हातारीनं उगंच तुमाला नावं ठेवली.”

चार माणसांनी माना डोलावल्या. पांढऱ्या पायाची गोष्ट तिथंच मिटली. मीरासाब सुखावला, घरी आला आणि कोनाड्यापुढं बसला.

पाऊस तर तसाच होता. आखाडात जेवढा, त्याहून श्रावणात काकणभर जास्तच. परडी तशीच चिखलानं भरलेली. हगवण पावसानं येते म्हणावं, तर ती थांबायला नको होती. ताकानं थांबली म्हणावं, तर कोनाड्यात एक जागा अशी होती, जिथं त्यानं ताकाचा थेंबही पाजला नव्हता आणि चिंचोकाही एकच होता.

ती जागा अंबूबाईची.

*

अंबूबाई पाटलाच्या शेजारची. मधे फक्त एक उंच कूड. तिचा नवरा गेल्या माघात वारला होता, आणि त्याचं वर्षश्राद्ध होईपर्यंत घरात वशाट करायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. पोटाला कोंबड्यांचाच आधार, म्हणून ती त्यांना परड्याबाहेर सोडत नसे. मीरासाब तिच्याकडं गेला तेव्हा सोळा पिलं उकिरडा उकरत होती, सगळी टवटवीत.

“मामा, तुमी कसं आलायसा? माझी कोंबडी दुखणाईत न्हाय.”

“तेच बगायला आलोय. तू पिलांस्नी काय घालतीस?”

“कण्या. दुसरं काय असतंय माज्याकडं?”

“ताक?”

“म्हस कुटं हाय मला?”

“पानी कुटलं?”

“आक्काच्याच हिरीचं. सगळी गल्ली तेच पेत्या.”

तोच पाऊस, तीच विहीर, तसाच चिखल, कुडापलीकडं अकरा मेलेली आणि इकडं एक. तेही घारीनं नेलेलं, हे अंबूबाईनं सांगितल्यावर त्यानं घरी येऊन तो चिंचोका काढून टाकला.

अंबूबाईच्या परड्यात या वर्षी काय आलं नव्हतं? आणखी तीनदा तो तिच्या परड्यात जाऊन बघून आला, आणि पुष्कळ वेळ तेवढंच मनात घोळवत होता. उत्तर त्याला सुचलं असावं, पण त्यानं ते मनावर घेतलं नाही. श्रावण गेला, गणपती बसले, उठले. मुलाण्याच्या ताकाचं नाव शेजारच्या दोन गावांत गेलं.

घट उठले, दसरा झाला, आणि दुसऱ्या दिवशी सुरी पुन्हा बाहेर आली. परतीचा पाऊस नुकताच झोडपून गेला होता. मीरासाब नऊ घरं करून दुपारी भरलेली बुट्टी घेऊन घरी आला. जुलेखानं नेहमीसारखी ती परड्यात नेली. मुंड्या आणि पाय बाजूला काढले, खायची काळीज-पेटं निवडली, आतडी पिळून मोकळी केली आणि धुणवणाचं पाणी उकिरड्यावर भिरकावलं. आतड्यांचा उरलेला गोळाही मागोमाग टाकला. काबरी आणि तिची आठ पिलं धावत आली आणि त्या राडीवर तुटून पडली.

जुलेखा हे तिच्या सासूसारखंच करत होती. मीरासाबनं ते हजारदा बघितलं होतं. आज तो दारात थांबून बघत राहिला. त्या सकाळी कापलेल्या नवापैकी दोन कोंबड्या दुखणाईत होत्या. गावात रीतच ती होती, कोंबडी मान टाकायला लागली की ‘जीव हाय तवर’ मुलाण्याला बोलवायचं. त्यांच्या मुक्या पिशव्या फुगलेल्या होत्या. त्याच आता त्या राडीत होत्या आणि पिलं त्यातूनच दाणे टिपत होती.

आणि हे फक्त त्याच्या परड्यात होत नव्हतं. प्रत्येक घरी तो उकिरड्याजवळ बुट्टी ठेवायचा, आतड्याचा नको असलेला तुकडा तिथंच टाकायचा, हात तिथंच धुवायचा. घरच्या कोंबड्या धावायच्या, बायका हसायच्या. मग तीच बुट्टी, तेच पाय पुढच्या परड्यात. गावातली सगळी हगवण नऊ घरांतून गोळा होऊन संध्याकाळी जुलेखाच्या दारात येत होती.

“जुलेखा, ती पिलं हाकल.”

“का? खाऊ देत की.”

“हाकल म्हणतो न्हवं!”

त्यानं त्या दिवशी परड्याच्या टोकाला हातभर खड्डा काढला, आतडी त्यात टाकली, वर चुलीतली राख ओतली आणि माती लोटली. दुसऱ्या दिवशी काबरीला आणि पिलांना घराच्या पुढच्या बाजूला आणलं, जिथं कधी कोंबडी राहिली नव्हती. खाली उसाची वाळकी चिपाडं आणि राख पसरली. पाण्याचं मडकं फोडून त्याची खापरी दगडावर उंच ठेवली, म्हणजे त्यात पाय पडणार नाहीत. जुलेखा कमरेवर हात ठेवून बघत होती.

“आता ह्या कोंबड्यांस्नी पाट मांडून जेवाय वाडायचं राह्यलंय,” ती म्हणाली.

आठातली सात पिलं जगली. तीन वर्षांत पहिल्यांदा.

*

पण सात पिलं जगायच्या आधीच, दसऱ्यानंतरच्या आठवड्यात, बयाबाईचा निरोप आला. एक तलंग, अजून अंड्यावर न आलेली तरणी कोंबडी, मान टाकतेय, जीव आहे तोवर ये. मीरासाब गेला. बुट्टी घेऊन गेला नाही. आकाराम पाटील ओट्यावर पान लावत बसला होता.

“बुट्टी कुटाय?” बयाबाईनं विचारलं.

“आक्का, ही कापायची न्हाय. वेगळी ठेवू. मेली तर पुरू.”

“पुरू? खुळा का काय? जीव हाय अजून तिच्यात.”

“आनि कापायचीच आसंल, तर आदी खड्डा काडा. आतडं उकिरड्यावर न्हाय टाकायचं, तुमच्याबी आनि माज्याबी. राक टाकून बुजवायचं. मी पाय धुऊन आत येनार, पाय धुऊन जानार.”

“का रं बाबा? सोवळं पाळाय लागलास काय?” आकारामनं ओट्यावरून विचारलं.

इथं मीरासाबला गप्प बसता आलं असतं. खड्ड्याला आणखी काही कारण सांगता आलं असतं, देवाचं किंवा पिराचं. गावानं ते चटकन ऐकलं असतं, आणि ताकाचं नावही राहिलं असतं. पण त्याला बयाबाईचा प्रश्न पाठ होता.

“पाटील, हगवन पावसानं येत न्हाय,” तो म्हणाला. “ताकानं थांबली न्हवती. सरावनात माजी सुरी थांबली, म्हनून थांबली. ती माज्या बुट्टीतनं येत्या. माज्या पायाच्या चिखलातनं येत्या. अंबूबाईच्या दारात मी सुरी घिऊन आलो न्हाय, तितं हगवनीनं एक पिलू मेलं न्हाय. आक्का म्हनल्या ते खरं हाय.”

आकारामनं हातातलं पान खाली ठेवलं.

“ए मर्दा, कळतंय का तू काय बोलतोस? सवताच्या तोंडानं?”

“मी म्हनलं न्हवतं व्हय!” बयाबाई उसळली. “पाय पांढरा हाय म्हनलं, तर सगळी हसलीसा! आता कबूल झाला ना?”

“पायाचा गुन न्हवं, आक्का. पायाची घान. धुतली की जात्या.”

“पायगुन धुऊन जातोय व्हय रं?”

तिनं पुढचं ऐकून घेतलं नाही. तलंग संध्याकाळी मेली. आठ दिवसांत गल्लीला कळलं, की मुलाण्यानं आपला पाय वाईट असल्याचं स्वतः कबूल केलं. खड्ड्याचं आणि राखेचं कुणाला आठवलं नाही. देवदिवाळीला पाटलाच्या वाटेवरची बहुतेक घरं बिद्रीकडच्या गौस मुलाण्याला बोलवायला लागली. गौस तरणा होता, भरभर कापायचा, आतडी उकिरड्यावर भिरकावायचा. कोंबड्या धावायच्या, बायका हसायच्या. सुगीला मीरासाबच्या वाट्याचं धान्य निम्म्या खळ्यांवरूनच आलं.

“कशापायी बोललासा?” जुलेखानं एकदाच विचारलं. “खड्डा काडायचा तर गपचीप आपल्या परड्यात काडायचा.”

“इचारलं हुतं तिनं.”

“ती तर कायबी इचारती.”

मीरासाब राख चाळत बसला.

माघात अंबूबाईच्या नवऱ्याचं वर्षश्राद्ध झालं. त्यानंतर पाव्हण्यांना जेवायला घालायचं होतं. तिनं मीरासाबला बोलावलं. तो बुट्टी न घेता गेला. पाटलाच्या परड्यातलं सगळं बोलणं अंबूबाईनं कुडापलीकडून ऐकलं होतं; तिनं खड्डा आधीच काढून ठेवला होता.

“मामा, तुमी पाय वाईट म्हनलासा, पर माज्या दारात तुमी चारदा आलासा की बगायला,” ती म्हणाली. “तवा काय झालं न्हाय. मग ते पायाचं कसं आसंल?”

मीरासाब मनापासून हसला. आख्ख्या गावात एकीनं तरी हिशोब बरोबर घातला होता.

*

पुढचा आखाड आला. पाटलाच्या बाजूला गौस फिरत होता. इकडं मीरासाबला उरली होती ती अंबूबाई, वरच्या गल्लीतली चार घरं आणि खालची दोन; बाकीची एकेक करून गौसकडं गेली होती. कोनाड्यात त्यानं पुन्हा चिंचोके मांडले, या खेपेला दोन ओळींत, एक त्याच्या सात घरांची आणि एक गौसच्या तेवढ्याच घरांची. आखाड संपला. त्याच्या ओळीत सहा चिंचोके होते. दुसऱ्या ओळीचे त्यानं चाळीसच्या पुढं मांडायचं सोडून दिलं. त्यातले बारा बयाबाईचे.

त्यानं ते कुणाला दाखवले नाहीत. बयाबाईला मात्र कोनाडा बघायची गरज नव्हती. तिच्या आणि अंबूबाईच्या परड्यात एकच कूड होता, आणि कुडापलीकडून पिलांचा चिवचिवाट तिला रोज सकाळी ऐकू येत होता.

दसरा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाटलाकडचा गडी मीरासाबच्या दारात आला. आक्कांनी बोलावलंय, सुरी घेऊन या, म्हणाला.

मीरासाब गेला. परड्याच्या तोंडाशी पाण्यानं भरलेली घागर आणि तांब्या ठेवला होता. त्यानं पाय धुतले. आत उकिरड्यापासून लांब, कुडाच्या कडेला, ताजी माती वर काढलेली दिसत होती. खड्डा हातभर नव्हता, चांगला कमरेइतका होता. शेजारी सूपभर राख. पिलं डालग्याखाली झाकलेली.

बयाबाई कोंबडं पंखाला धरून उभी होती. तिनं मीरासाबच्या पायांकडं बघितलं, मग त्याच्या रिकाम्या डाव्या हाताकडं.

“बग, पुरतोय काय,” ती म्हणाली. “न्हाईतर आनि खांदाय लावतो.”

“पुरतोय आक्का. ह्यात तर बैल बसंल.”

“बडबड नगं. काप.”

मीरासाब पश्चिमेकडं तोंड करून बसला.